शाकाहारी मुलीच्या पोटात माशाचा जंत

बाटली जॅमची होती. लॅबच्या खिडकीतून ती आत आली आणि तिच्यामागून एका बाईंचा आवाज आला, "मॅडम, जिंदा है. संभाल के."

जिवंत होताच. बोटभर लांब, सुतळीपेक्षा बारीक आणि लालभडक किडा पाण्यात वेटोळं घालत होता, सोडत होता. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाटली देणाऱ्या बाई साठीच्या, ठेंगण्या, शाल नीट पिन केलेल्या. त्यांच्या मागे एक तरुण जोडपं आणि बापाच्या खांद्यावर मान टाकून पडलेली चार वर्षांची मुलगी. बाई मुलीची आजी असतील असं मला वाटलं. त्या घरमालकीण निघाल्या.

मी दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये सायंटिफिक ऑफिसर होते. विभाग पॅरासायटॉलॉजीचा, म्हणजे परोपजीवींचा. दुसऱ्याच्या जिवावर जगणारे ते परोपजीवी. यात फक्त किडे धरायचे, नातेवाईक आणि सरकारी अधिकारी धरायचे नाहीत, असं मी नव्या विद्यार्थ्यांना सांगत असे. दिवसभर शौचाचे नमुने तपासायचे, अंडी शोधायची, जंत ओळखायचे. पगार बरा होता. डबा खाताना शेजारी कोणी बसत नसे, एवढाच त्रास.

जोडप्याचं नाव दिघे. तो केंद्र सरकारच्या ऑफिसात असिस्टंट, ती घरीच. बायको मेधा, मुलगी मुक्ता. राहणं मयूर विहारमधल्या एका सोसायटीत भाड्याने. घरमालकीण गुप्ता आंटी समोरच्याच फ्लॅटमध्ये राहत, आणि मुक्तावर त्यांचा नातीसारखा जीव होता. त्यांची स्वतःची नातवंडं परदेशात. आठवड्यापूर्वीच्या रविवारी मुक्ताला असाच एक किडा पडला होता. तो आंटींनी घाबरून संडासात टाकला आणि पाणी ओतलं. कॉलनीतल्या डॉक्टरने जंताचं औषध दिलं. काल, पुन्हा रविवारी, हा दुसरा. या वेळी आंटींनी डोकं चालवलं आणि पुरावा बाटलीत धरला.

चिठ्ठीवर डॉक्टरने लिहिलं होतं: मुलगी, वय चार, शौचातून जंत पडला, पोटदुखी, भूक मंद.

मुलांना होणारा नेहमीचा जंत मी डोळे मिटून ओळखला असता. तो पांढरट, गुलाबीसर, गांडुळासारखा जाडा. हा त्यातला नव्हता. पण अनोळखीही नव्हता. मी एम.एस्सी. औरंगाबादला केली, आणि त्या दोन वर्षांत माझं काम एकच होतं, नदी-तलावांतल्या माशांची पोटं फाडून आतले जंत मोजायचे. आमच्या घरी मासा येत नाही. मी आजवर मासा खाल्लेला नाही. पण आतून मी तो जितका पाहिला आहे तितका रोज खाणाऱ्यांनीही पाहिला नसेल. हा लाल किडा मी मरळ नावाच्या माशात कितीदा पाहिला होता. मरळीला दिल्लीत सौल म्हणतात. डोकं सापासारखं, अंग गोल, पाण्याबाहेरही बराच वेळ जगणारा मासा.

या किड्याचं शास्त्रीय नाव युस्ट्रॉन्जिलायडीस. नाव विसरलात तरी चालेल, त्याचा प्रवास लक्षात ठेवा. चिखलातल्या बारीक अळ्यांतून तो छोट्या माशात जातो, छोट्यातून मोठ्यात. मोठ्या माशाच्या अंगात वेटोळं करून, एका पातळ पिशवीत बसून तो वाट पाहतो. वाट कोणाची, तर बगळ्याची किंवा पाणकावळ्याची. पक्ष्याने मासा गिळला की तो पक्ष्याच्या पोटात मोठा होतो, अंडी घालतो, आणि विष्ठेबरोबर अंडी पुन्हा पाण्यात. या सगळ्या चक्रात माणसाला कुठे जागाच नाही.

मी भिंगाखाली तोंड आणि शेपूट पाहिलं, पुस्तक उघडून खात्री केली आणि दुपारी बाराच्या आत रिपोर्ट लिहिला. किड्याचं पूर्ण नाव, अवस्था, आणि खाली एक ओळ, 'गोड्या पाण्यातल्या माशातून'. औरंगाबाद सोडल्यावर पंधरा वर्षांनी माझी विद्या कामी आली होती. मला फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर मी फुशारकीने तो रिपोर्ट आमचे विभागप्रमुख डॉ. माथुर यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी शाबासकी दिली आणि चहा मागवला.

चहा संपायच्या आत फोन आला. मुलांचे सर्जन डॉ. बत्रा बोलत होते. त्यांनीही पुस्तक उघडलं होतं.

त्यांच्या पुस्तकात जे होतं ते मलाही माहीत होतं, पण मी त्याचा विचारच केला नव्हता. हा किडा चुकून माणसाच्या पोटात जिवंत गेला तर तिथे स्वस्थ बसत नाही. तो आतड्याची भिंत पोखरून बाहेर पडायला बघतो. जगात अशा मोजक्याच केसेस झाल्या आहेत, बहुतेक कच्चे मासे खाणाऱ्यांच्या, आणि त्यांत पोट उघडूनच किडे काढावे लागले आहेत. बत्रांचं म्हणणं सरळ होतं. आठवड्यात दोन पडले म्हणजे आत आणखी असणार. मुलीचं पोट दुखतंय, हात लावला की ती रडते. तिला ॲडमिट केलं आहे. बुधवारी सकाळी दहाला भूल देऊन दुर्बीण घालायची, आणि गरज पडली तर तिथेच पोट उघडायचं.

मी फोन ठेवला आणि माझाच रिपोर्ट पुन्हा वाचला. मी नुसतं 'जंत' लिहिलं असतं तर मुलीला आणखी एक औषधाची बाटली मिळाली असती आणि ती घरी गेली असती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. माझ्या हुशारीने एका चार वर्षांच्या पोरीला ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नेऊन ठेवलं होतं.

मंगळवारी सकाळी मी वॉर्डात जाऊन केसपेपर वाचला. खाण्यापिण्याच्या रकान्यात स्पष्ट लिहिलं होतं, 'शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.' मी तो कागद घेऊन बत्रांकडे गेले.

मी म्हटलं, "सर, हा किडा माशातूनच येतो. आणि हे लोक मासा खात नाहीत."

"तो पानी से आया होगा."

"पाण्यातून आला असता तर डोळ्यांना दिसलाही नसता. इतका मोठा होईपर्यंत तो माशात राहिलेला आहे."

"देखिए मॅडम, या तो आपकी रिपोर्ट गलत है, या फॅमिली झूठ बोल रही है." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "महाराष्ट्रीयन लोग हैं. आप भी तो वेज हैं. झूठ क्यों बोलेंगे?"

मी कागद घेऊन लॅबमध्ये परत आले. माथुरांनी दुसरा मार्ग सुचवला. रिपोर्ट बदलून 'ओळख पटली नाही' असं लिहावं, म्हणजे आपली जबाबदारी संपली. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण जबाबदारी आमची संपली असती, मुलीचं ऑपरेशन टळलं नसतं. बत्रांच्या डोक्यात किडा शिरला होता, तो रिपोर्ट बदलून निघणार नव्हता. मी नाही म्हटलं. माझी ओळख बरोबर आहे याची मला खात्री होती. मग चूक दुसऱ्या कागदात होती.

दुपारी चार ते सहा भेटीची वेळ. मी ॲप्रन काढून वॉर्डात गेले. मुक्ता कॉटवर पालथी पडली होती. शेजारी स्टुलावर गुप्ता आंटी थर्मासातून मुगाचं पाणी वाटीत ओतत होत्या. दिघे पायथ्याशी उभे, मेधा उशाशी. मी मराठीत बोलायला लागले तसा मेधाचा चेहरा जरा सैलावला. दिल्लीत मराठी माणूस भेटला की आधी गाव विचारतात. ती अलिबागची, नवरा ठाण्याचा. हे ऐकताच माझे कान टवकारले. अलिबागची मुलगी आणि शुद्ध शाकाहारी?

मी तिला सहज विचारलं, घरी मासे होतात का. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही. दिघ्यांनी हिंदीत भर घातली, "नहीं नहीं, हम लोग बिल्कुल वेज हैं." मराठी प्रश्नाला हिंदी उत्तर कोणासाठी दिलं गेलं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आंटींना तर कौतुकाने भरून आलं होतं. तीन वर्षांत या मुलीने घरात लसूणही घातला नसेल, त्या मला सांगत होत्या. इतकी धार्मिक, की दर रविवारी सकाळी यांच्या दारातून अगरबत्तीचा वास येतो, तोही दोन-दोन तास. आंटी बोलत होत्या आणि मेधा चादरीची घडी घालत होती. घातलेली घडी तिने मोडली आणि पुन्हा घातली.

पोट का दुखतं याचाही थोडा उलगडा झाला. पहिला किडा पडल्यापासून आंटी रोज सकाळी मुलीला कडुनिंबाचा रस पाजत होत्या. त्यावर ओव्याचा काढा, त्यावर डॉक्टरचं औषध, रात्री एरंडेल. जेवायला मुगाचं पाणी. एवढं सगळं पोटात घातलं तर माझंही पोट दुखेल. सगळं प्रेमापोटी चाललं होतं, पण पोरीची हाडं दिसायला लागली होती.

मग मी आंटींना शेवटचं विचारलं, किडा नेमका कुठे दिसला. त्या म्हणाल्या पॉटीत, म्हणजे मुलीच्या शौचाच्या भांड्यात. मी म्हटलं, पॉटीच्या आत की बाजूला? त्या थांबल्या. मुलीला धुवायला त्या गेल्या होत्या, मेधा स्वयंपाकघरात होती. किडा बाथरूमच्या ओल्या फरशीवर होता, पॉटीला लागूनच. मगने पाण्यासकट उचलून त्यांनी तो बाटलीत घातला.

"उसी में से तो निकला होगा ना," त्या म्हणाल्या.

फरशीवरचा किडा कॉलनीतल्या डॉक्टरकडे जाईपर्यंत पॉटीत शिरला, आणि आमच्या चिठ्ठीत येईपर्यंत शौचातून पडला. कोणीही खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकाने एक एक पाऊल पुढे ढकललं होतं, बस.

मी जवळजवळ धावतच लॅबमध्ये आले. जॅमची बाटली फ्रिजमध्ये होती. सोमवारी मी फक्त किडा उचलला होता, पाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला अर्धा तास सुनावलं असतं. आता मी तळाचा गाळ काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपखाली सरकवला. साबणाचा फेस, केस, धूळ. आणि एका कडेला एक पातळ चकती, झाडाच्या खोडासारखी गोल गोल रेषांची.

माशाचा खवला. त्याला चिकटलेला चरबीचा बारीक तुकडा, तोही कच्चा.

मी खुर्चीत मागे टेकले. मग वॉर्डात निरोप पाठवला, मुलीच्या आईचाही नमुना तपासायचा आहे, तिला एकटीला लॅबमध्ये पाठवा. हा निरोप खोटा होता, पण त्या कुटुंबाच्या मानाने किरकोळ.

मेधा आली. मी दार लावलं, तिला स्टुलावर बसवलं आणि मायक्रोस्कोपात बघायला लावलं. तिने बराच वेळ पाहिलं. अलिबागच्या मुलीला खवला ओळखायला शिकवावं लागत नाही.

ती डोळा न काढताच म्हणाली, "आंटींना कळलं तर घर जाईल हो."

"आणि उद्या दहा वाजता पोरीला भूल देणार आहेत. मला सगळं सांग."

मग तिने सांगितलं, एकदाचं मोकळं होत. दिल्लीत आल्यावर चार घरमालकांनी मांसाहारी म्हणून नाकारलं. पाचव्या आंटी. त्यांनी विचारलं, महाराष्ट्रीयन म्हणजे वेज ना? दिल्लीत हा एक गोड गैरसमज आहेच. दिघे हो म्हणाले. दोन महिने निभलं, मग जीव राहीना. दर रविवारी पहाटे दिघे सायकल काढून यमुनेच्या खादरात जायचे, म्हणजे नदीकाठच्या सखल भागात. तिथे पुराचं पाणी साचून डबकी होतात, आणि एक मच्छीमार त्यातले मासे विकतो. बाजारात ओळखीचं कोणी भेटायची भीती, खादरात कोण बघतंय. मासा ऑफिसच्या रेक्झिनच्या बॅगेत, फायलींच्या खाली घालून यायचा.

स्वयंपाकघराची खिडकी आंटींच्या खिडकीसमोर. म्हणून मासा साफ व्हायचा बाथरूममध्ये, दार लावून, नळ सोडून, चार अगरबत्त्या पेटवून. घाण वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच बॅगेतून सोमवारी ऑफिसला जायची आणि पुलापलीकडच्या कचराकुंडीत पडायची. शिजवताना पुन्हा अगरबत्त्या. मुक्तालाही पढवलं होतं, कोणी विचारलं तर आपण वरणभात खातो म्हणायचं. झाकली मूठ तीन वर्षं सव्वा लाखाचीच राहिली होती.

मी विचारलं, "गेले दोन रविवार कोणता मासा होता?"

"सौल. एरवी रोहू असतो. हा पहिल्यांदाच आणला, काटे कमी म्हणून. मुक्तासाठी."

"आत लाल दोरे दिसले नाहीत?"

"दिसले. मला वाटलं शिरा आहेत. आमच्याकडे समुद्राचा मासा, त्याला असलं काही नसतं. नदीचा मासा असाच असेल म्हटलं."

मासा मेला, थंड पडला की हे किडे पिशवी फाडून बाहेर सरपटतात. बंद बाथरूम, मिणमिणता दिवा, कोणी येईल म्हणून घाई. एखादा फरशीवर राहणारच. थोड्या वेळाने तिथेच मुक्ता पॉटीवर बसणार. स्वयंपाकघरात ओट्यावर मासा कापला असता तर किडा ओट्यावर दिसला असता, आणि मेधाने 'शी' म्हणून फेकून दिला असता. लपवायला बाथरूम निवडलं आणि किड्याला पोरीचं पोट मिळालं.

मी तिला मासा कसा शिजवते ते विचारलं. रस्सा, चांगला वीस मिनिटं उकळून. उकळत्या रश्शात हा किडा मिनिटभरही तगत नाही. मला तिथेच हायसं वाटलं, पण मला वाटून उपयोग नव्हता.

डॉ. बत्रांना फोन केला तर ते भडकले. काल वेज, आज नॉनवेज. उद्या म्हणतील कच्चाही खातो. मासा खात असतील तर उलट शंका वाढलीच, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. मी म्हटलं, बाटलीतल्या पाण्यात खवला आहे, कच्च्या चरबीसकट. आई मुलीला मासा भरवेल, खवला कोण भरवतं? हा किडा पोटातून आलेला नाही, मासा कापला त्या फरशीवरून आला आहे.

मग ते म्हणाले, त्याच जागेचा मासा कापून त्यात तोच किडा दाखवा, आणि आईने हे माझ्यासमोर सांगून केसपेपरवर सही करावी. दहा वाजेपर्यंत. शिवाय ते सकाळी मुलीचं रक्त पुन्हा तपासणार आणि पोट पुन्हा बघणार होते. कडुनिंबाचा रस तेवढा ताबडतोब बंद करा, असं मीच नर्सला सांगून आले.

बुधवारी सकाळी आठला दिघे लॅबच्या दारात उभे. हातात रेक्झिनची बॅग, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. बॅगेतून त्यांनी आधी दोन फायली काढल्या, मग वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन सौल मासे. सवय जात नाही.

डॉ. बत्रा साडेआठला स्वतः खाली आले. मी हातमोजे चढवले. औरंगाबाद सोडल्यानंतर मासा कापला नव्हता, पण हात विसरले नव्हते. पहिल्या माशाचं पोट उघडलं. यकृत, आतडी, चरबी, पोटाची आतली भिंत. सगळं बोटांनी चाचपलं. काही नाही. माशाच्या अंगात शोधायचं तेवढं शोधलं, मांसाच्या फाका केल्या. स्वच्छ मासा. इतका स्वच्छ मासा मला आयुष्यात नको होता.

दिघे भिंतीला टेकले. बत्रांनी घड्याळ पाहिलं. वर मुक्ता रात्रीपासून उपाशी होती आणि भूल देणारे डॉक्टर येऊन बसले होते.

दुसरा मासा घेतला. पोट उघडलं, आतडी बाजूला केली, आणि पोटाच्या भिंतीला चिकटलेली, वाटाण्याएवढी पिशवी दिसली. चिमट्याने ती फाडली. आतून लाल वेटोळं सुटलं आणि काचेच्या ताटलीत सरळ होत वळवळायला लागलं. त्याच्यामागे दुसरी पिशवी होती, मांसात तिसरी. मी जॅमच्या बाटलीतला किडा शेजारी ठेवला. कोणीही सांगितलं असतं की एकाच घरातले आहेत.

बत्रा वाकून बघत राहिले. मग सरळ होत म्हणाले, "चलिए, ऊपर चलते हैं."

वॉर्डात मुक्ता ट्रॉलीवर होती, अंगात हॉस्पिटलचा हिरवा झगा. आंटी तिचा हात धरून रामनाम पुटपुटत होत्या. बत्रांनी मुलीचं पोट चारी बाजूंनी दाबून पाहिलं. पोट मऊ होतं, आज ती रडलीही नाही. रक्ताचा रिपोर्ट आला होता, किडा पोटात असताना जे वाढतं त्यातलं काही वाढलेलं नव्हतं. मग ते मेधाकडे वळले आणि सगळ्या वॉर्डासमोर मोठ्याने विचारलं, घरात मासा होतो की नाही.

दिघ्यांनी मान खाली घातली. मेधाने एकदा आंटींकडे पाहिलं.

"होता है," ती म्हणाली. "हर इतवार को. बाथरूम में काटती हूँ. अगरबत्ती पूजा की नहीं थी, आंटीजी."

तिने केसपेपरवर सही केली. बत्रांनी दुर्बिणीच्या कागदावर आडवी रेघ मारली आणि नर्सला सांगितलं, बच्ची को खाना दो. माझा जीव भांड्यात पडला. सोमवार दुपारपासून मी नीट जेवले नव्हते हे मला त्या क्षणी आठवलं. दिघे व्हरांड्यात जाऊन रडले, आणि परत येऊन सगळ्यांना थँक्यू म्हणत सुटले, ट्रॉलीवाल्यालासुद्धा.

आंटी स्टुलावर बसून होत्या. मासा, बाथरूम, तीन वर्षं, यातलं काय त्यांना जास्त लागलं ते कळत नव्हतं. मला वाटलं आता स्फोट होणार. पण त्यांनी मला विचारलं, "मतलब इसके पेट में कुछ था ही नहीं?"

मी म्हटलं, काहीच नव्हतं.

"और मैं नौ दिन इसको नीम पिलाती रही." त्यांनी पदराने डोळे पुसले, मग मेधाकडे बघून म्हणाल्या, "एक बार बोल देती, बेटा. मैं घर नहीं देती, ठीक है. पर बच्ची को नीम तो नहीं पिलाती."

मेधाने त्यांचे पाय धरले. आंटींनी पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. मुगाच्या पाण्याचा थर्मास बाजूला ठेवला आणि नर्सने आणलेली खिचडी मुक्ताला भरवायला बसल्या. तीन वाट्या खाल्ल्या पोरीने.

घर गेलंच. आंटींनी दोन महिन्यांची मुदत दिली, एक दिवस जास्त नाही. पण नवं घरही त्यांनीच शोधून दिलं, त्याच सोसायटीत, दोन इमारती सोडून, एका बंगाली बाईंचं. भाडं ठरवायला स्वतः गेल्या आणि पन्नास रुपये कमी करून आल्या. किल्ली देताना मेधाला एवढंच म्हणाल्या, वहां रसोई में काटना. मुक्ता शाळेतून आली की आधी आंटींकडे जात असे, आणि तिकडून जेवूनच घरी येत असे. हे मला मेधाने वर्षभराने सांगितलं, गणपतीच्या कार्यक्रमात भेटली तेव्हा. मासा आता कुठून आणता असं मी विचारलं. रोहू, बाजारातून, ती म्हणाली, आणि आत काहीही लाल दिसलं की अख्खा मासा फेकून देते. तेवढ्याची गरज नव्हती, नीट शिजवला तरी पुरे. पण मी तिला अडवलं नाही.

माझ्यापुरता धडा दुहेरी होता. पेशंटला काय खाता हे विचारायचं तर घरमालक खोलीबाहेर पाठवून विचारावं. आणि किडा कितीही बरोबर ओळखला तरी तो कुठून आला हे किडा सांगत नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी खिडकीवर जंत घेऊन आलेल्या प्रत्येकाला आधी एकच विचारत असे, बाहेर पडताना कोणी पाहिला? लोक एकमेकांकडे बघायचे. बहुतेक वेळा कोणीच पाहिलेला नसायचा.